बोगदा, घाट, टॉवरांच्या गल्ल्या: जीपीएस परत परत गंडतो तेव्हा नेमकं काय तपासायचं

बोगद्यात शिरेपर्यंत मॅप व्यवस्थित चालतो, आत गेलं की ठिपका एका जागी अडकतो नाहीतर भलतीकडेच पळतो, आणि बाहेर आल्यावर फाटा मागे गेला की मग आवाज येतो, डावीकडे वळा. हा प्रॉब्लेम खूप जणांना येतो आणि सगळ्यांना सल्ला एकच मिळतो, फोन रिस्टार्ट करा, कॅशे क्लिअर करा, ॲप अपडेट करा. करून बघा हवं तर, पण बहुतेक वेळा फरक पडत नाही कारण बिघाड ॲपमध्ये नसतोच. आधी हे ठरवायला लागतं की सिग्नल मुळात येतच नाहीये, की कशावर तरी आपटून येतोय, की आकाश मोकळं असूनही तुमची गाडी किंवा फोनचं कव्हरच त्याला अडवतंय. तिन्हींची लक्षणं वेगळी आणि उपायही वेगळे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. मोबाइलची रेंज आणि जीपीएस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरंधा घाटात किंवा ताम्हिणीत रेंज जाते तेव्हा जीपीएस गेलेला नसतो, निळा ठिपका नीट सरकत असतो, फक्त मागचा नकाशा लोड होत नाही आणि रस्ता चुकलात तर नवीन रूट मिळत नाही. ठिपका चालू आणि मागे करडा कागद असं दिसत असेल तर तो नेटचा प्रॉब्लेम, त्यावर उपाय एकच, घरून निघताना वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. उलट रेंज फुल आहे पण ठिपका हलत नाही किंवा त्याच्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ फुगून मोठं झालंय, तर तो खरा सिग्नलचा प्रॉब्लेम. त्या वर्तुळाकडे लोक बघतच नाहीत, पण फोन तुम्हाला तिथे स्पष्ट सांगत असतो की मी या गोलात कुठेतरी आहे, याहून जास्त मला माहीत नाही.

आता सिग्नल इतक्या लवकर का जातो ते बघा. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत, तिथून निघालेला सिग्नल आपल्यापर्यंत येईस्तोवर इतका क्षीण होतो की डोंगर आणि काँक्रीट तर सोडाच, जाड झाडीसुद्धा त्याला दमवते. फोनला जागा काढायला कमीत कमी चार उपग्रह लागतात, तीन जागेसाठी आणि चौथा स्वतःच्या घड्याळाची चूक सुधारायला, कारण सगळा हिशोब सिग्नलला यायला किती वेळ लागला यावर आहे आणि एक मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाला की अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. ढग आणि पाऊस मात्र जवळजवळ काहीच अडवत नाहीत, पावसाळ्यात जीपीएस खराब होतो असं वाटतं ते घाटातल्या ओल्या, दाट झाडीमुळे.

बोगद्यात काय होतं

बोगद्यात उपग्रह दिसतच नाहीत, त्यामुळे आत जे दिसतं तो सगळा अंदाज असतो. गाडीतच बसवून आलेला नेव्हिगेशन असेल तर हा अंदाज बराच चांगला असतो, कारण त्याला चाकांच्या सेन्सरकडून खरा वेग मिळतो आणि जायरोकडून गाडी किती वळली ते कळतं, शेवटच्या पक्क्या जागेपासून पुढे मोजत जायचं. फोनकडे चाकाचा वेग नाही. त्यात ॲक्सेलरोमीटर म्हणजे प्रवेग मोजणारा सेन्सर असतो, पण त्यावरून अंतर काढायचं म्हणजे दोनदा बेरीज करत जायचं आणि त्यात चूक भयानक वेगाने वाढते. प्रवेगात फक्त ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी बारीक चूक धरा, एका मिनिटात ती १८० मीटर होते आणि पाच मिनिटांत साडेचार किलोमीटर! म्हणून फोनवरचे बहुतेक ॲप त्या भानगडीत फारसे पडत नाहीत, शेवटचा वेग आणि तुमचा ठरलेला रूट धरून ठिपका पुढे ढकलत राहतात.

हे लहान बोगद्यात खपून जातं. एक्स्प्रेसवेवरचा भाताणचा बोगदा साधारण एक किलोमीटरचा, तिथे चूक व्हायच्या आत तुम्ही बाहेर. पण समृद्धीवरचा इगतपुरीचा बोगदा घ्या, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा सुरू झाला त्यात तो आला, लांबी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास. मुंबईकडून येताय, शिरताना वेग १०० होता, आत पुढे ट्रक आले आणि तुम्ही ८० वर आलात. ॲपला ते माहीत नाही, तो १०० नेच मोजतोय. त्याच्या हिशोबाने पावणेपाच मिनिटांच्या आतच तुम्ही बाहेर पडलात, प्रत्यक्षात तेव्हा तुम्ही सव्वासहा किलोमीटरवर आहात, अजून दीड किलोमीटर बोगदा बाकी. मग तो इगतपुरीच्या फाट्याबद्दल आतच बोलायला लागतो, किंवा पुढे काहीच मिळत नाही म्हणून ठिपका पलीकडच्या तोंडाशी थांबवून ठेवतो. यात तुमच्या फोनची काही चूक नाही आणि नवीन फोन घेऊनही हे पूर्ण जाणार नाही.

मग करायचं काय? एक म्हणजे शिरताना जो वेग आहे तो आत शक्यतो तोच ठेवा, पण फक्त ट्रॅफिक आणि मर्यादा बघून, मॅपसाठी गाडी दामटू नका. दुसरं, आणि हे खरोखर कामाचं, बोगद्याआधी मोकळ्यात असतानाच पुढचा फाटा कोणता ते पाहून घ्या. गाडी चालवणाऱ्याने नाही, शेजारी बसलेल्याने रूटची यादी उघडून मोठ्याने वाचावी, बोगदा संपल्यावर किती अंतरावर, कुठल्या नावाचा बोर्ड, डावी लेन की मधली. तिसरं, गुगल मॅप्समध्ये अँड्रॉइडवर नेव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ टनेल बीकन असा पर्याय आहे, तो चालू करून ठेवायला हरकत नाही, बोगद्यात ठरावीक अंतरावर छोटी ब्लूटूथ यंत्रं लावलेली असतील तर फोन त्यांच्यावरून जागा ओळखतो. पण ती यंत्रं त्या बोगद्यात लावलेली असायला हवीत, नसतील तर नुसती सेटिंग चालू करून काही होत नाही, आणि बरेच व्हिडिओ ही गोष्ट सांगतच नाहीत.

आणि रूट न लावता नुसता मॅप उघडून जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, रूट लावलेला नसेल तर ॲपकडे अंदाज करायला आधारच नाही, ठिपका तोंडाशीच थांबणार. रस्ता रोजचा असला तरी लांब बोगद्याआधी रूट लावा.

बाहेर आल्यावरची पहिली काही सेकंदं

खरा घोळ इथे होतो. मुंबईचा कोस्टल रोड बघा, गिरगाव चौपाटीपासून प्रियदर्शिनी पार्कपर्यंत दोन किलोमीटरच्या वर बोगदा, उत्तरेकडे जाताना बाहेर आलात की थोड्याच अंतरात अमरसन्स, हाजीअली, वरळी असे फाटे सुरू होतात. बोगद्यात एकदोन मिनिटंच गेलेली असतात, उपग्रहांची माहिती फोनकडे ताजीच असते, त्यामुळे चिप सिग्नल लगेच पकडते. पण अगदी तोंडाशी दोन्ही बाजूंना भिंती असतात, मागे बोगद्याचं छत असतं, अर्धं आकाश झाकलेलं, त्यामुळे पहिल्या एकदोन जागा कच्च्या निघतात आणि ॲप त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही, थोडं थांबून, आपल्या अंदाजाशी ताडून मग ठिपका उचलून योग्य जागी ठेवतो. यात दहा सेकंद गेले तर ८० च्या वेगाने २२० मीटर तुम्ही पुढे गेलेले असता. फाटा तेवढ्यातच येतो.

म्हणून बोगद्यातून बाहेर आल्यावर पहिला मोठा बोर्ड येईपर्यंत मॅपचं ऐकायचं नाही, बोर्ड वाचायचा. ठिपका एकदम उडी मारून नवीन जागी बसला आणि वर्तुळ लहान झालं की समजायचं तो जागेवर आला. त्या आधी आलेल्या वळणाच्या सूचनेवर लेन कापणं धोक्याचं आहे, मागून येणाऱ्याला बिचाऱ्याला काय कल्पना की तुमचा मॅप उशिरा जागा झालाय. फाटा चुकला तर चुकू दे, पुढून वळता येतं.

टॉवर, फ्लायओव्हर आणि डोंगराच्या भिंती

इथे उलटं असतं, सिग्नल येतो पण आपटून येतो. घाटात हाक मारली की समोरच्या कड्यावरून परत ऐकू येते ना, तसं उपग्रहाचा सिग्नल काचेच्या टॉवरवर आपटून फोनपर्यंत पोचतो, वाट लांबली म्हणून वेळ जास्त लागला आणि फोनला वाटतं उपग्रहच लांब आहे. लोअर परळमध्ये किंवा बीकेसीत ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो, तुम्ही उभे असताना इकडून तिकडे चालत राहतो, कॅबवाला समोर उभा असून मॅप सांगतो तीन मिनिटं लांब, ते यामुळे. लक्षण असं की उपग्रह भरपूर दिसतात, जीपीएस हरवला असा मेसेज कधीच येत नाही, तरी जागा चुकीची.

यावर सेटिंगने होणारा उपाय म्हणजे लोकेशन ॲक्युरसी चालू ठेवणं, म्हणजे फोन आजूबाजूचे वायफाय आणि मोबाइल टॉवर पण हिशोबात धरतो, आणि ॲपला अचूक लोकेशनची परवानगी देणं, आयफोनवर प्रिसाइज लोकेशन म्हणतात ते. ही परवानगी बऱ्याच फोनमध्ये चुकून बंद राहिलेली असते, आधी तीच बघा. याच्यापुढे फोनच्या हार्डवेअरचा प्रश्न येतो. २०१८ पासून दोन फ्रिक्वेन्सी पकडणारे फोन यायला लागले, जुनी एल१ आणि तिच्यासोबत एल५. एल५ चा सिग्नल जास्त बारीक मापाचा असल्यामुळे सरळ आलेला कुठला आणि आपटून आलेला कुठला हे चिपला खूप चांगलं वेगळं करता येतं. टॉवरांच्या भागात रोज डिलिव्हरी किंवा कॅब चालवणाऱ्याने नवीन फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी हे विचारावं, पोटापाण्याचा प्रश्न आहे.

नाविक, म्हणजे जीपीएससारखी भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा, तिच्याबद्दल पण बरेच जण विचारतात. आपले नाविकचे उपग्रह साधारण ३६,००० किलोमीटरवर आहेत आणि भारतातून आकाशात बऱ्यापैकी वरच्या बाजूला दिसतात, म्हणजे दरीत किंवा उंच इमारतींच्या मध्ये ते दिसायची शक्यता जास्त, हा खरा फायदा. पण त्यातल्या काही उपग्रहांची अणुघड्याळं बंद पडलेली आहेत त्यामुळे एकट्या नाविकवर भिस्त ठेवता येत नाही, जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ यांच्या जोडीला तो आला तर उत्तम. फोनमध्ये नाविक आहे म्हणून बोगद्यात चालेल असं कोणी विकत असेल तर ते खोटं आहे. डोंगराखाली कुठल्याच देशाचा उपग्रह चालत नाही.

फ्लायओव्हरचा त्रास वेगळाच. नागपूरला वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर फ्लायओव्हर, त्यावर मेट्रो, असा तीन किलोमीटरच्या वर पट्टा आहे. जीपीएसमध्ये उंचीची चूक आडव्या चुकीपेक्षा सहसा जास्त असते कारण सगळे उपग्रह डोक्यावरच्या बाजूलाच असतात, खालून कोणी नाही, त्यामुळे तुम्ही वर आहात की खाली हे फोनला नीट कळत नाही. त्यात खालून जाताना डोक्यावर काँक्रीट, सिग्नल फक्त बाजूने. ॲप जवळचा रस्ता धरून ठिपका त्याला चिकटवतो आणि एकदा चुकीच्या रस्त्याला चिकटला की दोन्ही रस्ते वेगळे होईपर्यंत तिथेच राहतो. ॲपमध्ये कधीकधी विचारतात तुम्ही फ्लायओव्हरवर आहात का, तेव्हा शेजारच्याने बटण दाबावं, नाहीतर चढायच्या आधीच बोर्डवरून ठरवा.

मोकळ्या रस्त्यावर पण गंडत असेल तर

मग गाडीत शोधा. याची एक सोपी टेस्ट आहे आणि ती केल्याशिवाय पैसे खर्च करू नका. जीपीएसटेस्ट नावाचं ॲप अँड्रॉइडवर फुकट मिळतं, त्यात प्रत्येक उपग्रहापुढे सिग्नलचा आकडा दिसतो. गाडी मैदानात किंवा मोकळ्या पार्किंगमध्ये लावा, खाली उतरून फोन हातात धरा आणि मिनिटभर थांबून आकडे बघा, चांगल्या उपग्रहांना ३५ ते ४५ दिसायला हवेत. आता गाडीत बसा, दरवाजे लावा, फोन नेहमीच्या माउंटवर ठेवा आणि परत बघा. दोनचार आकडे खाली आले तर ठीक, पण सगळे मिळून विशीत आले तर काच किंवा फिल्म अडवतेय. काही गाड्यांना उन्हापासून बचावासाठी धातूचा पातळ थर असलेली पुढची काच येते, आणि काही सनफिल्ममध्येही धातू असतो. अशा काचेत बऱ्याचदा आरशामागे काळ्या ठिपक्यांचा भाग मोकळा सोडलेला असतो, फास्टॅग वाचता यावा वगैरे कारणांसाठी. फोन हातात धरून हळूहळू त्या भागाजवळ न्या, आकडे वर चढताना समोर दिसतील. दिसले तर माउंट त्या बाजूला सरकवा, समोरचं दिसणं अडणार नाही इतपत, झालं काम.

आकडे काचेमुळे नाही पण चार्जर लावल्यावर पडत असतील तर चार्जर किंवा डॅशकॅम बघा. स्वस्तातले काही चार्जर आणि डॅशकॅम इतका रेडिओचा कचरा फेकतात की जीपीएसचा क्षीण सिग्नल त्यात बुडून जातो. एकेक वायर काढत जा आणि आकडे बघा, दोन मिनिटांचं काम. डॅशकॅम असेल तर फोनपासून लांब, काचेच्या दुसऱ्या टोकाला.

अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले वापरणाऱ्यांनी फोन आर्मरेस्टच्या डब्यात टाकायची सवय असते. काही गाड्या स्वतःचा जीपीएस आणि वेग फोनला देतात, तिथे चालतं, पण ज्या देत नाहीत तिथे फोन डब्यात आणि डब्यावर तुमचा हात, सिग्नल येणार कुठून. टू-व्हीलरवाल्यांनी फोन डिक्कीत किंवा जॅकेटच्या आत ठेवून इअरफोनवर ऐकलं तर तेच होतं, अंगातलं पाणी सिग्नल शोषतं. बॅटरी सेव्हर पण बंद करा, स्क्रीन बंद झाली की काही फोनमध्ये तो लोकेशन तोडतो.

उभं असताना बाण उलटा दिसतो ती तक्रार जीपीएसची नाही, कंपासची आहे, आणि बहुतेक वेळा चुंबकाच्या माउंटमुळे. गाडी चालू लागली की दिशा हालचालीवरून कळते आणि बाण सरळ होतो.

बेसमेंटमधून निघताना

मॉलच्या बेसमेंटमधून मॅप लावून वर येता आणि तो पहिल्याच चौकात उलटं वळवतो, कारण खाली उपग्रह दिसत नसतात आणि वर आल्यावर ते पुन्हा पकडायचे असतात. उपग्रह कुठे आहेत याचा तपशील उपग्रह स्वतःच दर ३० सेकंदांनी परत परत पाठवतो आणि तो साधारण चार तास चालतो. फोन हा तपशील नेटवरून सेकंदात मिळवतो, पण जुनं काचेला चिकटवायचं जीपीएस यंत्र किंवा नेट नसलेला फोन असेल तर तो आकाशातूनच घ्यावा लागतो, आणि मध्ये एखादा पूल किंवा इमारत आडवी आली की तुटतं, मग पुढच्या फेरीची वाट. म्हणून चालत्या गाडीत, गल्लीबोळात यंत्र चालू केलं की पाच पाच मिनिटं काही मिळत नाही. सोसायटीच्या गेटबाहेर मोकळ्यात चालू करा, अर्धा-एक मिनिट थांबा, मग निघा.

ट्रक, टेम्पो, बसच्या ट्रॅकरबद्दल

हे मुद्दाम लिहितोय कारण यात माणसांचे पैसे कापले जातात. मालकाच्या स्क्रीनवर दिसतं की गाडी बोगद्याच्या तोंडाशी सहा-सात मिनिटं उभी होती, मग एकदम आठ किलोमीटर पुढे. ड्रायव्हरला विचारणा होते, कुठे थांबलास, डिझेल काढलंस का. तो सांगतो बोगदा होता, कोणी ऐकत नाही. असा रिपोर्ट समोर आला की आधी त्यातला फिक्सचा रकाना बघा. ट्रॅकर प्रत्येक जागेसोबत ती पक्की आहे की नाही हेही पाठवतो, काही रिपोर्टमध्ये १ आणि ० असतं, कच्च्या डेटात ए आणि व्ही असतं, ए म्हणजे जागा पक्की आणि व्ही म्हणजे भरवसा नाही. शून्य किंवा व्ही असलेल्या ओळींमधली जागा ही जुनीच परत पाठवलेली असते, गाडी तिथे उभी होती असा त्याचा अर्थ होत नाही. इग्निशन चालू आहे का तेही त्याच ओळीत असतं. पुढच्या पक्क्या जागेची वेळ घ्या, अंतराला वेळेने भागा, साठ-सत्तरचा वेग निघाला म्हणजे गाडी कुठे थांबलीच नव्हती. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हा रकाना लपवलेला असतो तिथे कंपनीला सांगून तो उघडून घ्या.

नेट गेल्यावर वेगळं दिसतं. एआयएस-१४० या सरकारी मानकाच्या ट्रॅकरमध्ये डेटा साठवायची सोय असते, रेंज आली की मागचा सगळा डेटा एकदम येतो आणि रस्ता भरून निघतो. दुसऱ्या दिवशी पाहिल्यावर मधला रस्ता दिसत असेल तर ती रेंजची भानगड होती, तरीही सरळ रेघच असेल तर जीपीएस नव्हता.

आणि ट्रॅकर रोज, मोकळ्या हायवेवर पण तुटत असेल तर फिटिंग उघडा. आत चौकोनी सिरॅमिकची वडी असलेला अँटेना असतो, त्याचं तोंड आकाशाकडे पाहिजे आणि वर पत्रा नको. घाईत बसवणारे तो डॅशबोर्डच्या आत पत्र्याखाली उलटा कोंबतात, वायर दारात दाबली जाते. तो काढून प्लॅस्टिकखाली, काचेजवळ, सपाट चिकटवला की बहुतेक गाड्या त्याच दिवशी सुधारतात.

एवढं करूनही प्रॉब्लेम राहिला तर विचारताना फोनचं किंवा ट्रॅकरचं मॉडेल, गाडी कोणती, काचेवर फिल्म आहे का, कुठल्या रस्त्यावर कुठून कुठे जाताना होतं, आणि गाडीबाहेरचा व गाडीतला असे सिग्नलच्या आकड्यांचे दोन स्क्रीनशॉट टाका. नुसतं जीपीएस चालत नाही एवढ्यावरून कोणाला काही सांगता येत नाही, या दोन स्क्रीनशॉटवरून बरंच सांगता येतं.